शेंदराखालच्या तीन ओळी

बस सव्वानऊला राजूरला पोचणार होती. ती साडेदहाला आली, आणि खाली उतरलेल्या बावीस जणांपैकी निम्म्यांनी पहिला प्रश्न संडासाचा विचारला.

रंगनाथ भोजने आठपासून स्टँडसमोर उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात स्वतःच्याच दुकानात लॅमिनेट केलेलं ‘मार्गदर्शक’ असं कार्ड, काखेत प्लास्टिकची फाइल. पाहुण्यांना त्याने ओळखीच्या हॉटेलात नेलं, मागची खोली दाखवली आणि बाहेर येऊन घड्याळ पाहिलं. तीन ठिकाणं दाखवायची होती. त्यातलं तिसरं त्याचं होतं.

सहलीचं नाव ‘क्रांतिस्थळ दर्शन, एक दिवस’. नगरची एक खासगी कंपनी ती चालवते. १८४४ ते ४८ या वर्षांत नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरांत इंग्रज सरकार आणि सावकारांविरुद्ध बंड झालं, त्याचे पुढारी राघोजी भांगरे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं, हे इकडच्या पोरांना पाठ असतं. बाहेरच्यांना बहुधा माहीत नसतं. त्यांना बंडाच्या जागा दाखवायच्या, दुपारी गावरान जेवण घालायचं आणि पाचच्या आत बस परतीला लावायची, असा बेत. आजची मंडळी नगरच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाची होती, बहुतेक निवृत्त शिक्षक.

“दादा, सांधण दरी किती वाजता?” जांभळ्या स्वेटरमधल्या एका बाईंनी विचारलं.

“बाई, दरी नाही आज. आजची सहल बंडाच्या जागांची.”

“मग जाहिरातीत दरीचा फोटो कसा?”

रंगनाथने कल्याणकडे पाहिलं. कल्याण हा कंपनीचा माणूस, वय अठ्ठावीस, हातात वेळापत्रक आणि कमरेला लावलेला स्पीकर. “मॅडम, तो प्रातिनिधिक फोटो आहे,” कल्याण म्हणाला आणि दुसऱ्यांदा पोह्यांची ऑर्डर द्यायला निघून गेला.

रंगनाथ सत्तेचाळीस वर्षांचा. राजूरच्या बाजारपेठेत त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. आजूबाजूच्या वाड्यापाड्यांतले लोक जातीचा दाखला, सातबारा, बँकेचं पुस्तक घेऊन येतात. वनहक्काचे दावे सुरू झाले तेव्हा जुना पुरावा लागायला लागला आणि लोक पेटीच्या तळाचे पिवळे पडलेले कागद आणू लागले. रंगनाथ गिऱ्हाइकाला विचारून एक प्रत स्वतःकडे ठेवू लागला. त्यातले मोडीतले कागद वाचता येईनात, म्हणून दुकान पंधरा दिवस भाच्यावर टाकून संगमनेरला मोडीचा वर्ग करून आला. बायको म्हणाली, “दुसऱ्याचं वाचायला जातो, पोरीचं प्रगतिपुस्तक वाचलं का?”

अकरा वर्षांपूर्वी त्याला अशाच एका कागदावर बंडात पकडलेल्या आणि मेलेल्या माणसांची यादी मिळाली. त्यात एक नाव होतं : बाळा भोजना, मौजे हिरडवाडी. हिरडवाडी हे रंगनाथचं गाव, राजूरपासून चौदा किलोमीटर. आणि हिरडवाडीत जांभळीखाली एक शेंदरी दगड आहे, त्याला सगळे बाळोबा म्हणतात. गावाला तो देव. कधीपासूनचा, कुणाला ठाऊक नाही.

रंगनाथने गावात सांगून पाहिलं की हा देव म्हणजे आपल्यातलाच एक माणूस. लोकांनी ऐकून घेतलं, हसले, भाताच्या खळ्यावर गेले. पुरावा असलाच तर शेंदराच्या आत होता आणि शेंदराचं कवच खरवडायचं नसतं. थरावर थर बसतात, तीस-चाळीस वर्षांनी जड झालं की कवच आपोआप गळून पडतं. तेव्हा ते वाजतगाजत नदीत सोडायचं. माणसाने हात लावायचा नाही. रंगनाथने दहा वर्षं वाट पाहिली.

यंदाच्या चैत्रात कवच पडलं. आत गुडघाभर उंचीचा दगड, हातात तलवार घेतलेला माणूस आणि त्याच्या पायाशी तीन ओळी : बाळा भोजना. बंडात मेला. शके १७६७. म्हणजे इसवी सन १८४५, बंडाचाच काळ.

त्याने अक्षरांचे अगदी जवळून सहा फोटो काढले.

त्यानंतरचं सगळं कागदी. जिल्ह्यातल्या क्रांतिस्थळांची यादी करायला एक समिती नेमलेली होती. यादीत आलं की रस्त्यावर फलक, पुस्तिकेत पान, आणि गावाला जायला डांबरी रस्त्याची मागणी करता येते. रंगनाथने सात अर्ज केले. सातव्याला उत्तर आलं : समितीचे सदस्य, निवृत्त प्राध्यापक आबासाहेब काळोखे प्रत्यक्ष पाहणी करतील. आबासाहेबांना दोन्ही गुडघ्यांचा त्रास. वेगळी गाडी नव्हती. म्हणून ते आज याच बसने आले होते. यादी महिनाअखेर बंद होणार होती, आणि अकोल्याच्या बाजूला समितीचा हा शेवटचा फेरा होता. ‘प्रत्यक्ष पाहिले’ हे दोन शब्द आज कागदावर उमटले तर बाळा भोजना देवातून माणसात येणार होता. नाही उमटले तर अकरा वर्षं फाइलीत राहणार होती.

अकरा वाजले तरी बस हॉटेलसमोरच होती.

पहिलं ठिकाण बंडकऱ्यांचं स्मारक. रंगनाथने तिथली माहिती वीस मिनिटांवरून बारावर आणली होती. चौथ्या मिनिटाला माकडटोपीतल्या एका गृहस्थांनी हात वर केला.

“राघोजी आणि झाशीच्या राणीची गुप्त भेट झाली होती, ते तुम्ही सांगितलं नाही.”

“काका, राघोजींना अठ्ठेचाळीसला फाशी झाली. राणी लढली सत्तावन्नला.”

“भेट त्याच्या आधीची. मला मेसेज आलाय.”

“कोणाचा?”

“कर्नलचा,” ते म्हणाले, आणि पुढची दहा मिनिटं मोबाईलमध्ये तो मेसेज शोधत राहिले. बाकीचे त्यांच्याभोवती जमले. मेसेज सापडला नाही. कर्नल कुठल्या पलटणीतला, यावर मात्र चर्चा झाली.

आबासाहेब बाजूच्या कठड्यावर बसून हे बघत होते. “भोजने,” ते म्हणाले, “चाळीस वर्षं मी असल्याच वर्गांना इतिहास शिकवला. रागावू नका. तुमचा दगड किती वाजता?”

“अडीचला, सर.”

“बरं. साडेतीन धरतो.”

भंडारदऱ्याचं पाणी दिसलं आणि बसमध्ये एकच गलका झाला. वेळापत्रकात तिथे थांबा नव्हता. “पाच मिनिटं,” कल्याण म्हणाला. मंडळी पस्तीस मिनिटं फोटो काढत होती. दुसरं ठिकाण म्हणजे बंडकरी लपायचे ती कपार. तिथे चढायला नऊ जण तयार झाले, वर पोचले पाच. रंगनाथने पाच जणांना माहिती सांगितली आणि खाली येऊन उरलेल्यांना पुन्हा सांगायला लागला, तर ते शेंगदाणे खात होते. जेवण पावणेतीनला उरकलं. मग जेवणाच्या घरीच काळभाताचा तांदूळ विकायला ठेवलेला दिसला, आणि निवृत्त शिक्षकांनी वास घेऊन, दाताखाली धरून, एकमेकांना विचारून तांदूळ घ्यायला सुरुवात केली.

रंगनाथ जेवला नव्हता. तो बसच्या दाराशी उभा राहून ड्रायव्हर अजिनाथला म्हणाला, “हॉर्न वाजव रे.”

“वाजवला तीनदा. मास्तर लोक हायेत, घंटा झाल्याशिवाय वर्गात येत न्हाईत,” अजिनाथ म्हणाला.

सव्वातीनला कल्याण आला. चेहऱ्यावर वाईट बातमी सांगायचं हसू. “दादा, तिसरं ठिकाण कॅन्सल करू. रस्ता खराब, लोक दमलेत, रात्री नगरला पोचायला बारा वाजतील. माझं ऐका, इथंच माईकवर सांगून टाका त्या दगडाचं.”

“माईकवर दगड दिसतो का?”

“दादा, तुम्ही असं बोलू नका.”

“सकाळपासून किती बोललो मी? सांग. पोह्याला थांबलो, पाण्याला थांबलो, तांदळाला थांबलो. मी एका जागी थांबा म्हणतो, तर तुझ्या लोकांना झोप येती.” त्याचा आवाज चढला तसं खिडकीतून जांभळा स्वेटर डोकावला. रंगनाथने आवाज खाली आणला. “बस जाऊ दे. मला आणि सरांना सोड इथं. मी जीप बघतो.”

आबासाहेब काठी टेकत आले. “कल्याण, मी आज फक्त त्या दगडासाठी आलो आहे. तो न बघता परत नेलंस तर संघाच्या पुढच्या सहलीला तुमची कंपनी नसेल. अध्यक्ष मीच आहे.”

बस हिरडवाडीला वळली.

शेवटचा अर्धा किलोमीटर पायवाट. बांधावरून जायचं, दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खोडकं. आठ दिवसांपूर्वी रंगनाथने गावातल्या भागा भोजनेला फोन करून सांगितलं होतं : वाट साफ करून घे, पाहुणे येणारेत, बाळोबाला बघायला. कवच पडलं तेव्हा देवाची सेवा पाळीने भागाच्या घरी होती. नगरचे साहेब बघून जाईपर्यंत शेंदूर लावायचा नाही, नुसती हळद आणि फूल वाहायचं, असा शब्द रंगनाथने त्याच्याकडून बाळोबासमोर नारळावर हात ठेवून घेतला होता. भागा सध्या नारायणगावला टोमॅटोच्या कामावर होता. “सांगतो घरी,” एवढं म्हणून त्याने फोन ठेवला होता.

वाट खरोखरच साफ होती. काटे तोडलेले, एका ठिकाणी सडासुद्धा घातलेला. रंगनाथला दिवसात पहिल्यांदा बरं वाटलं. आबासाहेबांचा एक हात त्याने धरला होता, दुसऱ्या बाजूला कल्याण. मागून मंडळी रांगेने येत होती, कुरकुरत.

जांभळीखाली बाळोबा झगझगत होता.

डोक्यापासून पायापर्यंत ओला, जाड, केशरी शेंदूर. मानसुद्धा वेगळी दिसत नव्हती. चांदीच्या वर्खाचे दोन मोठे डोळे, कपाळाला वर्खाचाच टिळा, गळ्यात झेंडूची माळ. जिथे तीन ओळी होत्या तिथे शेंदूर बोटभर जाड थापून त्यावर फुलं चिकटवली होती.

शेजारी चिमाबाई भोजने उभी होती. रंगनाथची लांबच्या नात्यातली चुलती, साठी उलटलेली, नवं लुगडं नेसलेली. हाताची बोटं अजून केशरी.

“आलास का रंगा? या, या पावनं. बघा कसा दिसतोय!” ती म्हणाली. “काल दिसभर लावला. आमी तिघी हुतो. सव्वा किलो लागला.”

रंगनाथ ओरडला. “कोनी सांगितलं लावायला?”

“सांगायचं कशाला? पाळी आमची हाय.”

“पाळी भागाची हाय!”

“आरं, भागाची पाळी पाडव्याला संपली. दर दिवाळीच्या पाडव्याला बदलती, हे तुला म्या सांगू?” चिमाबाई त्याच्याकडे नीट बघायला लागली. “देव उघडा बसला हुता. मोठ्या गावाची मानसं बघायला येनार, आन् आपला देव उघडा? लोक काय म्हनतील, या वाडीला शेंदूर मिळत न्हाई? भागाच्या बायकोनं सांगितलं पावनं येत्यात म्हनून, तसा म्या लेकाला बाजारात पिटाळला.”

“भागानं तुला सांगितलं नाही, शेंदूर लावायचा न्हाई म्हणून?”

“त्यो शब्द त्याच्या घरचा. माझ्या घरी कोन आला हुता शब्द घ्यायला?”

कोणी आलं नव्हतं. रंगनाथ पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या बंडकऱ्यांची नावं त्यांच्या बापांसकट सांगायचा. पाडव्याला गावात पाळी बदलते, हे लहानपणी त्याने बापाच्या खांद्यावर बसून पाहिलं होतं. पण या दिवाळीत तो दुकानात होता, दाखल्यांच्या झेरॉक्सची गर्दी होती, आणि ही गोष्ट त्याच्या डोक्यातही आली नाही.

आबासाहेब दगडासमोर वाकले. “अक्षरं कुठे होती?”

“इथं, सर.” रंगनाथ गुडघ्यावर बसला. “पायाशी. ह्या फुलांच्या मागं. तीन ओळी. फोटो आहे, तुम्ही पाहिलाय.”

“फोटो समितीने दोनदा पाहिला. फोटोत अक्षरं दिसतात, दगड कुठला ते दिसत नाही. दोन सदस्यांचं म्हणणं आहे की अक्षरं कालची असतील. म्हणून तर मी आलो.”

शेंदूर ओला होता. खुरासणीच्या तेलात कालवलेला, अजून चोवीस तास न झालेला. अंगठा फिरवला असता तर निघाला असता. पहिली ओळ तरी वाचता आली असती. रंगनाथने हात पुढे केला.

“रंगा!” चिमाबाई म्हणाली. ती ओरडली नाही. “लावू नको हात. लावलेला शेंदूर मानसानं काढला की वरसभर ज्याची पाळी, त्याच्या घरावर येतं. माझी सून पोटुशी हाय.”

रंगनाथचा हात फुलांपासून वीतभर अंतरावर थांबला. त्याला हे खरं वाटत नव्हतं. पण पुढच्या दिवाळीपर्यंत तिच्या घरात काहीही बिघडलं, साधा ताप आला, तरी ते कोणामुळे हे वाडीत प्रत्येकाला पाठ असणार होतं. आणि त्या सुनेलाही. त्याने हात मागे घेतला आणि पँटला पुसला, काही लागलेलं नसताना.

“सर, तुम्ही लिहा ना,” तो हळू म्हणाला. “दगड तोच आहे. मी सांगतो ना.”

“तुम्ही सांगता म्हणून लिहायचं, तर त्या कर्नलच्या मेसेजने काय घोडं मारलं?” आबासाहेब म्हणाले. त्यांनी पिशवीतून छापील अर्ज काढला, काठीवर कोपर टेकून तीन शब्द लिहिले आणि कागद रंगनाथपुढे धरला. ‘अक्षरे दिसली नाहीत.’ खाली जागा होती : माहिती देणाऱ्याची सही.

“नाही केली तर?”

“तर मी आलोच नाही असं होईल. सही केलीत तर निदान एवढं राहील की दगड आहे, शेंदूर आहे आणि कोणी तरी दाखवायला होतं.”

रंगनाथने सही केली. सहीखाली तारीख टाकताना पेन दोनदा अडकलं.

मागे मात्र वेगळंच चाललं होतं. दिवसभर कंटाळलेली मंडळी बाळोबाभोवती गोळा झाली होती. जांभळ्या स्वेटरच्या बाईंनी चप्पल काढून नमस्कार केला. माकडटोपीवाल्या काकांनी टोपी उतरवली. “नवसाला पावतो का हो?” कोणी तरी विचारलं, आणि चिमाबाई सांगायला लागली : हरवलेली म्हैस, न झालेलं मूल, दोनदा आडवं आलेलं बाळंतपण. सगळे ऐकत होते. कोणाचाही मोबाईल वाजला नाही. दिवसातली ही सर्वांत लांब चाललेली माहिती होती आणि ती कोणी मधेच तोडली नाही. कल्याणने घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

तो रंगनाथजवळ आला तो खूश होऊन. “दादा, मानलं तुम्हाला. पुढच्या ट्रिपला हे पहिलं ठिकाण ठेवू. ‘जागृत देवस्थान’ म्हणून. सकाळच्या ताज्या वेळेला. बंडाचं मग जेवणानंतर थोडक्यात सांगा.”

“हा देव नाही,” रंगनाथ म्हणाला.

“हो, ते तुम्ही सांगालच ना. थोडक्यात.”

मंडळी परत वाटेला लागली तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. आबासाहेबांना अजिनाथ आणि कल्याण घेऊन गेले. रंगनाथ मागे राहिला. चिमाबाई फुलांची टोपली उचलत होती.

“रागावलास?” तिने विचारलं.

“काकी, आमच्या घरची पाळी कधी हाय?”

“तुमच्या घरची?” ती थांबली. “तुमचं घर पाळीत न्हाई आता. तुझा बाप गेला, तू राजूरला ऱ्हायला, दाराला कुलूप. पंचांनी पाचाची चार घरं केली. सा वर्सं झाली. तुला कोनी बोललं न्हाई?”

त्याने मान हलवली. भागाने शब्द दिला तेव्हाही त्याला कोणी हे बोललं नव्हतं. त्याने विचारलंही नव्हतं.

“मला परत घ्यायला सांगा पंचांना.”

“घेत्याल की. पन मग दर सोमवारी यायला लागंल, दुकान सोडून. आन् पाळीत शेंदूर घरच्या मानसानं आपल्या हातानं लावायचा. लावशील?”

“न लावता न्हाई चालायचं?”

“मग पाळी कशाला मागतो?”

खाली रस्त्यावर अजिनाथने हॉर्न वाजवला. रंगनाथ बाळोबाकडे बघत उभा राहिला. हे कवच जड व्हायला तीस-चाळीस वर्षं लागणार होती. ते पडेल त्या दिवशी सेवेला कोणतं घर असेल, कोण आत बघेल आणि बघितल्यावर कोणाला बोलावेल, हे सगळं पाळीत असणाऱ्याच्या हातात होतं.

“काय काय लागतं, सांग,” तो म्हणाला. त्याने फाइल उघडली, आतला एक कोरा कागद घेतला आणि चिमाबाई सांगत गेली तसं लिहून घेतलं : शेंदूर सव्वा किलो, खुरासणीचं तेल, वर्खाची दोन पानं.